आर्वीच्या ठोक्यांविषयी

लाडक्या वैशूस,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी खूप बोलले, पण कागद कधी हातात घेतला नाही. आज घेतला, कारण परवा आपल्या कान्हे गावातल्या घरी पुण्याहून एक डॉक्टर मॅडम येऊन गेल्या. बाळंतपण चालू असताना पोटातल्या बाळाच्या ठोक्यांवर लक्ष कसं ठेवावं, ठोके बिघडले तर बाईला आणि घरच्यांना काय सांगावं, याचं त्या संशोधन करतायत. तुझ्या बाळंतपणाच्या दुपारी तुझ्याजवळ मी होते, म्हणून त्यांना माझ्याशी बोलायचं होतं.

मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. आता सांगून काय उपयोग? पण तुझी आर्वी हल्लीच चालायला लागलीय, ती गेली आणि त्यांच्या ओढणीला लोंबकळली. सोडेचना. मग बसा म्हणाले.

"मशीनचा आवाज आठवतो का?" त्यांनी विचारलं.

न आठवायला काय झालं! तुझ्या पोटावर पट्टे बांधले आणि खोलीभर ते ठोके वाजायला लागले. किती जोरात, किती भरभर! तू कळा सोसत होतीस आणि मध्येच हसून म्हणालीस, "ताई, हे एवढं कुठं पळतंय गं?"

मग तो आवाज बसायला लागला. कळ आली की मंद व्हायचा, कळ ओसरली तरी लवकर वर येईना. मी सिस्टरला विचारलं तर त्या म्हणाल्या, डॉक्टरांना बोलावलंय. डॉक्टर आल्या, मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "बाळाला त्रास होतोय असं वाटतंय. थांबण्यात धोका आहे. सिझर करावं लागेल."

तुला आत नेलं. मी बाहेर उभी. थोड्या वेळानं रडणं ऐकू आलं. काय रडली गं पोरगी! सगळा पॅसेज दणाणला. मी लगेच तुझ्या राहुलला फोन लावला. रविवार होता, लोणावळ्याच्या हॉटेलात पर्यटकांची गर्दी, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. "मुलगी झाली, खणखणीत आहे!" मी ओरडून सांगितलं. मी ओरडत होते तेव्हा आत तुझं रक्त थांबत नव्हतं.

पुढचं तुला सांगायला नको. रक्ताच्या पिशव्या लावल्या, अँब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. राहुल पोचला तेव्हा तू गेली होतीस.

एक मात्र मला कुणी सांगत नाही. नाव काय ठेवायचं विचारलं की तू म्हणायचीस, "आधी तोंड बघू दे." बघितलंस का गं? आत तुला दाखवली होती का? नाव शेवटी राहुलनं ठेवलं. तू निदान दोन नावं तरी सुचवून ठेवायचीस ना!

आणि आईचं काय सांगू? ती आर्वीचं दूध तापवते, लंगोट धुते, अंघोळीला पाणी काढते. पण तिला मांडीवर घेत नाही. शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, घे की गं नातीला. तर म्हणाली, "हिच्यापायी माझी गेली." आर्वी तिथंच खेळत होती. तेव्हा तिला कळलं नसेल. पण आता तिला शब्द कळायला लागलेत, वैशू. रोज एक नवीन कळतो. मला त्याचीच धास्ती वाटते.

परवा मी मॅडमशी बोलत होते तेव्हा आई आत भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि उभ्या उभ्या विचारलं, "बाई, एक सांगा. लेकराला खरंच तरास व्हता का? का उगाच माझ्या लेकीचं पोट कापलं?"

मी आईला गप्प करणार होते. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, ठोक्यांवरून आम्ही अंदाज बांधतो. बाळ खरंच गुदमरतंय की तेवढ्यापुरतं दमलंय, हे ठोके ऐकून दरवेळी नक्की कळत नाही. बाळ रडत जन्माला आलं. ते मुळात बरंच होतं म्हणून, की वेळेत काढलं म्हणून, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ते जास्त नीट कळावं म्हणूनच आमची धडपड चाललीय."

"म्हंजी तुमालाबी ठाव न्हाई?"

"नाही, आजी."

आईनं आर्वीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी येवढ्या शिकल्या, तुमाला ठाव न्हाई. मंग ह्या लेकराला काय ठाव असंल?" आणि आत गेली. तव्यावरची भाकरी करपली होती.

तिनं आर्वीला जवळ घेतलं असं तुला वाटत असेल. नाही घेतलं. अजूनही घेत नाही. मीही जबरदस्ती करत नाही. लेक गेलीय तिची.

मॅडमना मी सगळं सांगितलं, रेकॉर्ड करा म्हटलं. त्यांनी शेवटी विचारलं, "आत नेताना वैशालीताई काय म्हणाल्या होत्या?" तेव्हा मला रडू फुटलं. कारण तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाला, बुद्धवंदना झाल्यावर, जो तो म्हणत होता, वैशालीनं पोरीसाठी जीव दिला. किती कौतुकानं म्हणत होते! मी ते ऐकून घेतलं.

वैशू, तू जीव दिला नाहीस. आत नेताना तू माझं मनगट घट्ट धरलं होतंस आणि म्हणत होतीस, "ताई, मला भीती वाटतेय. मला काही होणार नाही ना?" तुला जगायचं होतं. मॅडमना मी हेच सांगितलं.

आर्वी एक दिवस विचारेलच. त्या दिवशी, माझा शब्द आहे तुला, मी तुझी देवी करणार नाही. तू तिच्यासाठी मेलीस असं कुणाला म्हणू देणार नाही, तिनं जन्मभर ते ओझं कसं वागवायचं? मी सांगेन, तुझी आई घाबरली होती, आणि तिला घरी यायचं होतं, तुला घेऊन.

तुझी,
ताई