काच, रेशीम आणि जिज्ञासाची हळद

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
रविवार, सकाळ

ती. माईस,

श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नसल्यामुळे आठांतलं एक अंग बाकी राहतं. ते प्रत्यक्ष भेटीत चुकतं करीन.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? तुझ्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की सोसायटीच्या सभेत अजून विचाराधीनच आहे? मला एकदा त्या सभेला बोलाव. लिफ्ट सुरू होईल, निदान सभासद जिन्याने पळण्याइतके तंदुरुस्त तरी होतील. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. 'बरे' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोन आला की तू तो स्पीकरवर टाकतेस, आणि उल्हासनगरात स्पीकर म्हणजे जाहीर सभा. मला जाहीर सभेचं वावडं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? शाळेत असताना मी पाण्याच्या पिंपावर उभा राहून भाषणं करायचो, तेव्हा खाली एकटी तूच श्रोता असायचीस (तीही पाणी भरायला आलेली). पण आज सांगायचं आहे ते एका कानापुरतं आहे. शिवाय पत्रात मधेच कोणी 'मुद्द्यावर या' म्हणत नाही. आमच्या घरात ही पद्धत फार वाढली आहे.

तर मुद्दा. आपल्या ऋताने खरवईत नखांचं दुकान काढलं, हे तुला ठाऊक आहे. मी आधी विरोधात होतो. नख ही कापायची वस्तू आहे, वाढवायची नव्हे, या विषयावर मी जेवताना तिला बरंच काही ऐकवलं, आणि तिने ऐकलं नाही. (सून म्हणून हा दोष आहे, पण दुकानदार म्हणून गुण आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.) मग एका दुपारी तिचा डबा द्यायला दुकानात गेलो. टेबलावर एक छोटं पाकीट होतं आणि त्यावर लिहिलं होतं: फायबरग्लास. माई, मी उभ्याचा बसलो. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी उमेदवार म्हणून शिरलो आणि अधिकारी म्हणून बाहेर पडलो, तिथे आम्ही आयुष्यभर फायबरग्लासच्या टाक्या केल्या. पाण्याच्या केल्या, आम्लाच्या केल्या, एकदा तर एका मिठाईवाल्याच्या पाकाचीही केली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, काचेचा आणि आपला संबंध संपला. आणि ती इथे, सुनेच्या टेबलावर, टिकल्यांच्या पाकिटाएवढी होऊन माझी वाट बघत होती.

मी ऋताला कामाची रीत विचारली. नख चिरलेलं किंवा पातळ असेल तर त्यावर कापडाची इवलीशी पट्टी बसवायची. तिच्यावर पातळ गोंद सोडायचा. तो कापडात मुरला की घट्ट करणारा फवारा मारायचा, मग कानशीने घासून सपाट करायचं आणि वर चमकीचा (म्हणजे चकाकणाऱ्या पारदर्शक लेपाचा) शेवटचा हात द्यायचा. अगं, कापड, रेझिन, हार्डनर, घासकाम, शेवटचा हात, हेच तर आम्ही टाकीला करायचो. फरक इतकाच, की आमच्या टाकीच्या आत माणूस उभा राहायचा आणि हिची टाकी माणसाच्या बोटावर उभी राहते.

त्या दिवसापासून दुकानात माझी एक खुर्ची झाली. खरं सांगतो, व्याख्यानमाला हल्ली मला बोलवत नाहीत. त्यांना पाऊण तासात आटोपणारे वक्ते लागतात. इथे मात्र श्रोत्याचे दोन्ही हात ऋताच्या ताब्यात असतात आणि सगळं सुकेपर्यंत त्याला हलता येत नाही. टाळ्या पडत नाहीत हे खरं, पण उठून जाणंही शक्य नसतं. वक्त्याला याहून आदर्श सभागृह कुठे मिळणार? त्या खुर्चीतून मी खरवईच्या महिलावर्गाला स्वच्छता, स्वातंत्र्यलढा आणि भूजलाची पातळी समजावून सांगितली आहे.

आता त्या पाकिटाला शेजारी एक प्रतिस्पर्धी होता. रेशीम. त्याच कामाचं रेशमी कापड, विणीला इतकं बारीक की गोंद लागला की दिसेनासंच होतं. ऋताचं म्हणणं असं, की रेशीम हलकं, नखावर आहे की नाही हे कळतही नाही, म्हणून समारंभाला चांगलं. काचेची वीण मोकळी, ती गोंद पोटभर पिते आणि मजबूत होते, म्हणून धुणंभांडी करणाऱ्या, दिवसभर टाइप करणाऱ्या हातांना चांगली. कुठलं वापरायचं, ते हातावर अवलंबून. माई, 'अवलंबून' या शब्दावर आजवर एकही सभा जिंकली गेलेली नाही. माणसाने बाजू घ्यावी. मी काचेची घेतली. जे कापड आम्लाला भीत नाही, ते पापडाच्या पिठाला काय भिणार, हे माझं त्या काळातलं गाजलेलं वाक्य आहे (गाजलेलं म्हणजे ऋताने ते पुन्हा बोलू नका असं सांगितलेलं).

इतक्यात जिज्ञासाचं लग्न ठरलं. ही खरवईच्या जनूशेठची मुलगी. घरची शेती, आता थोडी जमीन, थोडा धंदा, आणि माणसं मोप. तिची आई तुळशीबाई गावात शब्दाला वजन असलेली बाई. तिने एखाद्या दुकानाला 'बरा हाय' म्हटलं की तिथे रांग लागते, आणि नुसतं नाक मुरडलं की दुकानदार भाड्याचे गाळे बघायला लागतो. ऋतासाठी ही पहिली मोठी नवरी होती. यावर दुकान उभं राहणार किंवा बसणार, हे तिने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, आणि वर म्हणाली होती, 'बाबा, उद्या घरी आराम करा.' मी अर्थातच दुकानात गेलो. ऐन लढाईत घरी आराम करणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

जिज्ञासाने लग्नासाठी नखं जपून वाढवली होती, पण दोन्ही अंगठ्यांची आडवी चिरली होती. तिला दहाही बोटांवर रेशीम हवं होतं. तुळशीबाईचंही तेच. मी काचेची बाजू मांडू लागताच ती म्हणाली, "लग्नान काच कला आनता, काका, रेशीम सोरून?" रेशीम सोडून लग्नात काच कशाला आणता, हा प्रश्न रोखठोक होता. मी उत्तरही तसंच दिलं, फक्त जरा लांब. बोलून झालं तेव्हा तुळशीबाई चहा सांगायला म्हणून बाहेर गेलेली होती आणि जिज्ञासा तडजोडीला तयार झाली होती: उजवा हात रेशमाचा, डावा काचेचा. दोन्ही अंगठे चिरलेले. निसर्गानेच प्रयोगाची मांडणी करून दिली होती.

इथे मी आणखी दोन सूचना केल्या. त्या मी मागे घेतलेल्या नाहीत, फक्त हल्ली त्यांचा उल्लेख टाळतो. पहिली: ऋता म्हणत होती नखं हळदीनंतर, लग्नाच्या सकाळी करू. मी म्हटलं, छे. आमच्या कारखान्यात टाकी आधी पाण्याने भरून तपासल्याशिवाय गाडीवर चढत नसे. आधी चाचणी, मग रवानगी. नखं हळदीआधी करायची, म्हणजे हळद हीच चाचणी. दुसरी: शेवटचा चमकीचा हात द्यायचा नाही. चमकीखाली सगळंच सारखं दिसतं, मग सत्य कळणार कसं? ऋताने हातातली चमकीची बाटली खाली ठेवली. मग जिज्ञासाला म्हणाली, की हे मी करणार नव्हते, पण नखं तुझी आहेत. जिज्ञासा म्हणाली, काकांना एवढी खात्री आहे तर होऊ दे. (खात्री हा माझा सगळ्यात मोठा दोष आहे, असं तू म्हणायचीस. गिऱ्हाइकांना ती आवडते.)

हळदीला मला मानाचं आमंत्रण होतं. आगरी हळद तू पाहिली नसशील. आपल्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी, वाटीभर हळद आणि आंब्याचं पान. तिथे परात होती, परातीमागे पातेलं होतं आणि पातेल्यामागे सगळा गाव. धवलारीण कौसाबाई (लग्नात धवले, म्हणजे लग्नगीतं म्हणणारी, तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत) मांडवाच्या मधोमध बसली होती. तिच्या कानावर प्रयोगाची बातमी गेली होती. माझ्याकडे बघून ती भरल्या मांडवात म्हणाली, "काका, तुमी नवरी सजवता का टाकी बसवता?" मांडव हसला. मीही हसलो, पण वक्त्याचं हसणं ही फक्त प्रस्तावना असते. तेवढ्यात नाचात मावश्या-आत्यांनी जिज्ञासाचे हात धरून ओढले आणि उजव्या अंगठ्याची रेशमी पट्टी चिरेवरून उखडली. डाव्या अंगठ्याची काच जागच्या जागी. माई, असा क्षण वक्त्याला आयुष्यात एकदा मिळतो. मी डीजेकडून माईक घेतला. खिशात ऋताच्या दुकानातलं थोडं रेशीम पुराव्यादाखल आणलेलं होतंच. मी मजबुती या विषयावर बोललो आणि प्रात्यक्षिकही केलं. प्रात्यक्षिकाचा तपशील देत नाही, कागद संपत आला आहे.

सकाळी मी दुकानाबाहेरची पायरी झाडत असताना जिज्ञासा आणि तुळशीबाई आल्या. मीही त्यांच्यामागून आत जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. उजवा हात सगळीकडे सारखा फिकट पिवळा, अंगठा उघडा. डाव्या हाताला काही झालं नव्हतं, एक चीर नव्हती. फक्त शेवटचा हात नसल्यामुळे हळद काचेच्या विणीत जाऊन बसली होती आणि पाचही नखांवर पिवळी चटई अंथरल्यासारखी दिसत होती. शेवटचा हात न दिलेल्या फायबरग्लासच्या पत्र्यात रंग उतरतो, हे मी स्वतः कारखान्यात नव्या मुलांना शिकवायचो. तो संदर्भ मला त्या क्षणी आठवला. जिज्ञासाने दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"काका, फोटोत काय सांगू? एक हात माझा, एक जाऊबाईंचा?"

तुळशीबाईचं नाक मुरडायच्या बेतात आलं होतं. ते जास्त भीतिदायक होतं. ऋताने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, खुर्ची उचलून माझ्यासकट दाराबाहेर केली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ती टाकी नव्हती. हात होता." मग तिने दोन वाट्यांत अॅसिटोन ओतलं, जिज्ञासाची बोटं त्यात बुडवली आणि सगळं मुळापासून काढायला घेतलं.

मी बाहेर बसलो. तासाभरावर नवरीला मांडवात नेणार होते. आतून जिज्ञासाच्या हुंदक्याचा आवाज आला. हात बुडवलेले, डोळे पुसता येईनात, आणि मेकअप आधीच झालेला. ऋता म्हणत होती रडू नकोस, काजळ उतरेल, आणि त्यामुळे ती जास्तच रडत होती. माई, त्या वेळी मला पहिल्यांदाच काही बोलावंसं वाटलं नाही. मग आतून जिज्ञासाच म्हणाली, "वहिनी, काकांना आत घ्या. ते बोलले की मला रडू नाही येत. राग येतो."

मला खुर्चीसकट आत घेण्यात आलं. मी बोललो. भूजलाच्या पातळीपासून सुरुवात केली. ती रागावली, मग वाद घालू लागली, मग माझी चूक काढली (बोअरवेलच्या खोलीबद्दल, ती चूक नव्हती, पण मी सोडून दिली). तिकडे ऋताचे हात चालूच होते. मी बोलत राहिलो आणि काजळ जागेवर राहिलं. संपलं तेव्हा आठ बोटांवर रेशीम होतं, दोन चिरलेल्या अंगठ्यांवर काच होती, आणि वर शेवटचा हात होता. दहाही नखं एका बाईची वाटत होती. तुळशीबाईने ती उजेडात नेऊन पाहिली आणि म्हणाली, "बरा हाय."

दुसऱ्याच आठवड्यात ती भाचीला घेऊन आली. रांग म्हणावी इतकी नाही, पण बाकावर जागा नसते. दारावर ऋताने पाटी लावली आहे: नवरीची नखं हळदीनंतरच. माझी खुर्ची कायम आहे. अट एवढीच, की काच आणि रेशीम सोडून कुठल्याही विषयावर बोलायचं. मी ती मान्य केली, कारण वाद संपलेला आहे. काच जिंकली. आठ बोटं रेशमाकडे गेली असतील, पण दोन्ही अंगठे कोणाकडे आहेत बघ. राज्य अंगठे चालवतात. माझी भूमिका होती तीच आहे, आणि मरेपर्यंत काचेशिवाय दुसरं काही माझ्या नखाला लागणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलेलं आहे.

भाऊजींच्या तसबिरीला माझा नमस्कार. लिफ्टचं कळव.

तुझा,
श्यामकांत

ता. क. प्रात्यक्षिकाबद्दल राहिलं. मी मांडवात रेशमाची पट्टी फाडून दाखवणार होतो. ती फाटली नाही. माझ्या उजव्या तर्जनीचं नख मधोमध फाटलं. हो, तीच तर्जनी, जी मी चाळीस वर्षं वर करतो आहे. माईक हातात असल्यामुळे मी ओरडलो नाही. लोकांना वाटलं, भाषण भावनेच्या भरात थांबलं.

ता. क. दुसरा. ऋता जेवायला गेली असताना मी स्वतःच त्यावर काच चढवली. काम मजबूत झालं आहे, पण टाकीच्या झाकणासारखं जाड दिसतं, आणि हाताची हळद तेव्हा गेलेली नव्हती, ती आता काचेखाली पिवळी चटई होऊन अडकली आहे. येत्या शनिवारी शिवमंदिराजवळच्या वाचनालयात माझं व्याख्यान आहे. (हो, बोलावलं आहे. तुळशीबाईचे दीर तिथे कार्यवाह आहेत.) विषय: ठाम भूमिकेची गरज. बोट वर केलं की सभा बोटाकडेच बघणार. तेव्हा तुझ्या खालच्या मजल्यावरचा सनी, ज्याचं ब्यूटीच्या सामानाचं होलसेल दुकान आहे, त्याच्याकडून नखाच्या रेशमाचं एक पाकीट घे, सगळ्यात बारीक विणीचं, आणि कोणाच्या तरी हाती पाठव. ऋताला बिलकूल कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. सोबत कागदावर बोटाचं माप रेखाटून दिलं आहे. सनीने विचारलंच कोणासाठी, तर एका नवरीसाठी म्हण. माप बघून दचकला, तर नवरी हाताने जरा दणकट आहे असं सांग. आणि तो धंद्यातला माणूस आहे, नक्की विचारेल की हळद झाली का. झाली म्हण. पुष्कळ झाली.