लाल दोऱ्याची तीन पोती

३ सप्टें. ९७, बुध.
पोत्यांचा हिशेब ठेवणारा माझा कॉम्प्युटर प्रोग्राम शेठच्या बियाण्याच्या गोदामात बसला. माझं पहिलं गिऱ्हाईक! कॉम्प्युटर क्लासमधली नोकरी सोडून पाच महिने झाले. पेढे घेऊन घरी गेले तर आई म्हणते, "टिकू दे आधी." शेठचंही तेच. रब्बीभर बघू, बराबर चालला तर कायमचा ठेवू.

८, सोम.
गोदामात राज्य रशीदचाचांचं. तीस वर्षं तिथंच. पत्रा गळून पोतं भिजलं की त्याच्या तोंडाला लाल दोरा बांधतात. उगवण पुन्हा तपासल्याशिवाय ते हलवायचं नाही. आज विचारत होते, "बेटा, हा दोरा तू मशीनमधी कुठं लिहून राह्यली?" मी हसले. म्हटलं, चाचा, तपासणीचा निकाल आहे की आत, दोरा कशाला? ते थप्पीकडं वळले. मी आपली स्वतःवर खूश.

१२, शुक्र.
चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. ते परत येईपर्यंत हमाल गाडी भरत नाहीत, इथली रीतच आहे. शहागडचा ट्रक उभा, शेठ हजर, आणि मला मिरवायची घाई. यादी छापून दिली. नंबर बघा, भरा.
एक हमाल म्हणाला, "ताई, याला दोरा हे."
"यादीत नंबर आहे ना? मग भरा."
पाऊण तासात ट्रक गेला. शेठ खूश. चाचा आले, रिकामी जागा बघून म्हणाले, "बेटा, इथं तीन पोती दोऱ्याची होती."
ज्वारी. गेल्या आठवड्यात भिजलेली. निकाल भिजण्याआधीचा. प्रोग्रामला पत्ताच नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. शेठ तोवर घरी गेले होते.

१३, शनि.
शेठच्या खोलीबाहेर दहा मिनिटं उभी. हमालांवर ढकलावं असं मनात आलं होतं, इथं खोटं कशाला लिहू. चाचा मागून म्हणाले, "चल, मैं भी आता हूँ." आत गेले, सांगितलं, चूक माझी. शेठ ओरडले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. "जल्दी जा, आधी पोती आण."
चाचांबरोबर एसटीनं शहागड. दुकानात दोन पोती जशीच्या तशी. तिसरं फोडलेलं. त्यातल्या दोन पिशव्या लिंबाजी म्हणून एका शेतकऱ्यानं काल संध्याकाळी नेलेल्या.
शेतावर गेलो तर लिंबाजी पेरणी उरकून बैल सोडत होते. सगळं चाचांनीच सांगितलं. तेच म्हणाले, उगवलं नाही तर दुसरं बी आणून देऊ.
"बी द्याल वो तुम्ही. पण वाफसा थांबून राह्यल का? ओल उडाली का पेरणी गेली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाणी प्या ताई, उन्हातानाच्या आल्या."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५, सोम.
परत आणलेल्या फोडलेल्या पोत्यातले शंभर दाणे चाचांनी उगवण बघायला ओल्या गोणपाटात गुंडाळले. मी प्रोग्राममध्ये नवा रकाना केला: दोरा. कधी भिजलं, कुठल्या भिंतीजवळचं, हे पण विचारून घेतलं. चाचा म्हणाले, "तीस साल का दिमाग मांग रही है!" आठवड्यात पहिल्यांदा हसले मी.

१७, बुध.
गोणपाट उघडलं. निम्मे फुटले, निम्मे तसेच. शेठ म्हणाले, "शेतात काय दिसतं ते कळू दे, मंग तुझं ठरवू." आईला अजून सांगितलेलं नाही.

१९, शुक्र.
उद्या लिंबाजींच्या शेतावर. चाचांनी कोरड्या थप्पीतल्या दोन पिशव्या बाजूला काढल्यात. लागू नयेत. पुन्हा पेरायला ओल राहील की नाही, कोण जाणे.
दुपारी घनसावंगीचा ट्रक आला. यादी तयार, दोऱ्याचं एकही पोतं तीत नाही, दोनदा तपासली. चाचा नमाजला गेलेले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. हमाल माझ्याकडं बघायला लागले.
"चाचा येऊ देत," म्हटलं, आणि हमालांजवळच पोत्यावर बसले.