सोळा फुटांची रिंग

१२ मार्च, गुरुवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी सात अंगं सध्या तुझ्यावर संतापलेली आहेत. आठवं म्हणजे उजवा गुडघा, तो नुसताच दुखतोय. नमस्कार त्याच्याकडून समज.

इकडे सगळं ठीक. व्यायामशाळेचं छप्पर गळायचं थांबलं. वजनकाटा अजून दोन किलो खोटं बोलतो, पण तो निदान सगळ्यांशी सारखंच खोटं बोलतो. वहिनींना नमस्कार.

तुझं पाकीट काल मिळालं. लढतीसाठीच्या माझ्या बाराच्या बारा अटी मान्य, प्रत्येकीपुढे तुझी ती फेंगडी सही! ज्याला उभ्या जन्मात धाकट्या भावाची एक गोष्ट पटली नाही, त्याला एका आठवड्यात बारा पटल्या. दादा, मला दरदरून घाम फुटला.

सलूनमध्ये लोक विचारतात, "मास्तर, दोन माणसं, एक रिंग, एक घंटा. त्याला पाच वर्षं कशाला लागतात?" शाळेत संस्कृत शिकवत होतो तेव्हा इतके सोपे प्रश्न मला कुणी विचारत नसे. काय सांगू त्यांना? की हेवीवेटचा पट्टा ज्याच्या कमरेला, तो जिंकला तर आहे तेच राहतं आणि हरला तर सगळं जातं, म्हणून त्याच्या बापाला कधीच घाई नसते? की तुमचं चॅनेल वेगळं, आमचं वेगळं, आणि दोघांनाही दुसऱ्याचा कॅमेरा दिसला की उलटी होते? त्यात मध्येच बॉक्सिंग संघटना जागी होणार, "आधी आमच्या यादीतल्याशी लढा, नाहीतर पट्टा परत करा." मग तू आपल्या बाळला, तुझ्या पोराला, अशा कुणाशी तरी लढवणार, जो रिंगमध्ये दोरी धरून चढायचा आणि स्ट्रेचरवरून उतरायचा. वर पुनर्लढतीचं कलम, बाळ हरला तर पुन्हा एक लढत. म्हणजे मी तयार केलेल्या डोंगरनं एकच माणूस दोनदा पाडायचा! आणि करारावर आधी सही कुणी करायची, यावर तो कागद आठ महिने कुरिअरनं हिंडला. तू म्हणालास धाकट्यानं करावी. मी म्हणालो, थोरल्याचा मान.

पहिली चार वर्षं मोडता तू घातलास. मी डोंगरला रोज सांगायचो, "ते घाबरतात रे."

पाचव्या वर्षी मोडता मी घातला. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षीची पत्रकार परिषद आठव. फोटोसाठी बाळ आणि डोंगर समोरासमोर उभे, तू छाती काढून मागे. ती संपल्यावर बाळ मला बाहेर जिन्यात भेटला. "काका, कधी आलात?" म्हणाला. मी म्हणालो, सकाळी. गुडघ्याची चौकशी केली, पाण्याची बाटली उघडायला घेतली, झाकण उलटं पिळत राहिला. मग म्हणाला, "अरे काका, कधी आलात?" मी म्हणालो, सकाळी. दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारलंन. तिसऱ्यांदाही तेवढ्याच आनंदानं, दादा. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

तो नऊ वर्षांचा असताना मी त्याला दोरीवरच्या उड्या शिकवल्या, त्या 'देव' शब्द चालवत. एका उडीला एक रूप. आठही विभक्त्या तो न अडखळता उड्या मारत म्हणायचा आणि तू दारातून ओरडायचास, "त्याला बॉक्सर करतोयस की भटजी?" त्या दिवशी जिन्यात मी सवयीनं म्हणालो, "देवः, देवौ..." पुढचं तो नेहमी म्हणतो. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आपण परभाषेतल्या माणसापुढे हलवतो.

म्हणून अटी. आव्हान देणारा रिंगमध्ये चॅम्पियनच्या नंतर येईल, पोस्टरवर त्याचं नाव वर, वगैरे. तुझा अहंकार मी पन्नास वर्षं ओळखतो, त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा होता. आणि खात्रीसाठी बारावी अट, सोळा फुटांची रिंग. बाळ जगतो तो मागे सरकून, पायांवर. लहान रिंगमध्ये त्याला मागे सरकायला जागाच नाही, आणि समोर एकशे अठरा किलोंचा डोंगर. कुठलाही बाप हे नाकारेल, म्हणूनच ती मी मागितली.

तू सही केलीस.

म्हणजे तुला माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर तो तुलाही तीनतीनदा विचारत असणार. चार वर्षं चालढकल करणाऱ्या तुला आता घाई झालीय, कारण पुढच्या वर्षी त्याला रिंगमध्ये उतरवता येणार नाही. शेवटची मोठी लढत, मग पट्टा भिंतीवर आणि पोरगा खुर्चीत. शिवी लिहिणार होतो. संस्कृतात तुझ्या मापाची सापडली नाही.

काल संध्याकाळी डोंगरला सगळं सांगितलं. छत्तीस वर्षांचा आहे तो, हात पुढे करून पट्ट्या बांधून घेत होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाच वर्षं सांगत होता, ते घाबरतात."

"घाबरत मी होतो."

"तो तुमचा पुतण्या, सर. आणि मी तुमचा कोण?"

त्यानं पट्ट्या स्वतःच सोडल्या, नीट गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि बॅग उचलून गेला. सोमवारी तो थेट तुझ्याकडे येतोय. त्याची एकही अट नाही. आधी सही करायलाही तयार आहे. त्याचं काही चुकलेलं नाही, हे तुला बजावून सांगतो.

तेव्हा आता अडवणारा मी नाही. तूच उरलास. बाळला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. तुझ्या त्या डॉक्टरकडे नको, जो नाडी हातात धरून घड्याळाकडे बघतो.

टेबलावर दुसरं पाकीट आहे, संघटनेच्या नावाचं. तिकीट लावलंय. त्यात जिन्यातली हकीकत आहे, तारखेसकट, आणि एकही विनोद नाही. ते पोचलं की बाळ पुन्हा कधीच लढणार नाही, आणि माझं तोंड तो कधीच बघणार नाही. बघितलंच तर विचारेल, काका कधी आलात.

सोमवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या फोनची वाट बघेन. नंतर टपालपेटीपर्यंत चालत जाईन, गुडघा दुखला तरी.

बाळचा काका
(तुझा कोण, ते सोमवारी तू ठरव.)