पेशंट मागून येतोय

रविवार, दुपार

बाबा, तुमच्या स्मृतिदिनाला चार ओळी लिहायचो, मग तेही सुटलं. इतकी वर्षं गप्प राहिलो, माफ करा. आज लिहितोय त्याचं कारण सरळ सांगतो. दिवाळीपासून मला मधूनमधून जगू नये असं वाटतं. कुणाशी भांडण नाही, रडू येत नाही. शाळेत शिकवतो, जेवतो, आणि भाजी घेता घेता तो विचार शेजारी येऊन उभा राहतो.

शुक्रवारी चिखलीहून एसटीनं बुलढाण्याला गेलो, मनाच्या डॉक्टरांकडे. घरी सांगितलं नाही. खिडकीतल्या सिस्टरनं विचारलं, "पेशंट कुठी आहे?" माझ्या तोंडून निघालं, "मागून येऊन राह्यला." "कोण लागते तुमचा?" म्हटलं, भाऊ. मला भाऊ नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! "बसा मंग. आला का सांगा." मी सुटल्यासारखा बाकावर बसलो. शेजारी उंद्रीकडचे एक गृहस्थ होते, पलीकडे त्यांची बायको. ते हळूच म्हणाले, "मले शुगर तपासाची म्हनून आनलं हिनं. बाहेरची पाटी काय वाचता येत नाही मले? पन म्हटलं, वाटू दे तिले का आपन फसलो." बाईंनी मान वळवली. "काय सांगून राह्यले हो त्याहिले?" "शुगर वाढली म्हनतो!" मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचा भाऊ काऊन येत नाही?" मी म्हणालो, "त्याला वाटतं, आपल्याला काही झालेलंच नाही." "मंग तुम्ही काऊन आले?" मी उठलो आणि डॉक्टरांना न भेटताच परत आलो.

तेव्हापासून हेच कोडं उलटंपालटं करून पाहतोय. मी आत का गेलो नाही? लाज म्हणावी, तर तुम्ही कामाला होता त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात तुमची बोटं सापडली तेव्हा तुम्ही पट्टी बांधलेला हात येईल त्याला दाखवत होता, वर चहा पाजत होता. दुखणं लपवायची रीत आपल्या घरात नव्हती. शाळेत कळेल ही भीती आहे, पण त्या दवाखान्यात ओळखीचं कुणी नव्हतं. मला वाटतं, आपल्याकडे पुरुष दवाखान्यात जातो तो कुणाला तरी घेऊन. मलकापुरात आपली अर्धी गल्ली तुम्ही नेऊन आणली असेल. मीही तेच शिकलो. आईला नेलं, बायकोला नेलं, सासऱ्यांना नेलं. सोबत जाणाऱ्याचं काम मला नीट येतं. पण हे खरं कारण की सोयीचं, याचीही खात्री नाही.

आणि मग एक दुपार आठवते. मी कॉलेजात आहे. आईला दाखवून आपण निघतोय. ती बाहेर चपला घालतेय. तुम्ही दारातून मागे वळता. "डॉक्टरसाहेब, आमच्या जिनिंगमंदी एक गडी हाये. झोपच नाही त्याले. सकाय झाली का जीव नको वाटते म्हनते." डॉक्टर म्हणतात, "पाठवा त्याले इकडे." तुम्ही म्हणता, "हाव, पाठवतो." रस्त्यात मी विचारलं, कोण हो तो? "हाये एक," म्हणालात, आणि आईसाठी पेरू घ्यायला थांबलात.

तो गडी खरंच कुणी दुसरा असेलही. तुम्ही होता असं मी आज ठरवून टाकलं, तर माझ्या सोयीसाठी तुमच्यावर अन्याय होईल. पण तुम्हीच असाल, तर त्यानंतर तुम्ही पुष्कळ जगलात, नातीला खांद्यावर घेऊन बाजार फिरवलात. मग तो विचार गेला कसा? की गेलाच नाही, आणि तुम्ही एकट्यानं ओढत नेलात? मला आता सगळ्यात जास्त हेच विचारायचंय, आणि विचारायला तुम्ही नाही.

हा कागद डायरीतच राहील. एक कबूल करतो: परतताना एसटीत सारखं वाटत होतं, सिस्टरनं माझ्यावर विश्वास ठेवायला नको होता.

उद्या: सकाळच्या चहाला बायकोला सांगणे, पेशंट मी आहे, तू सोबत चल.