पाहुण्यांना आईचा आवाज लावू नका

बाबा,

दिघीहून फेरीबोटीने मुरुडला मावशीकडे जातेय. दोन दिवस तिथेच राहीन. कोळंबीचं कालवण फ्रीजमध्ये आहे, भात तेवढा लावा. दुपारी नवे पाहुणे येतील, त्यांना वरची खोली द्या.

पण त्यांना आईचा आवाज लावू नका. होमस्टेवाल्यांच्या इंग्रजी वर्गासाठी ती मोबाइलवर स्वतःची ओळख रेकॉर्ड करायची. ती गेल्यापासून तेच तुम्ही आल्यागेल्याला ऐकवता: "माय नेम इज सगुणा. वेलकम टू माय होम." काल त्या बंगळुरूच्या बाईंनी "सगुणा कुठे आहे?" असं विचारलं, तर तुम्ही स्वयंपाकघराकडे हात केलात आणि म्हणालात, "आत हाय." मी बाहेर आले. माझा हात धरून त्या म्हणाल्या, तुमचा आवाज फार गोड आहे. आणि मी मान डोलावली.

"माय नेम इज हिरामण" तुम्हाला येतं. तेवढंच सांगा आणि चहा द्या. बायको कुठे असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं, ते मी तुम्हाला शिकवलेलं नाही. सकाळपासून ते वाक्य मराठीतच म्हणून बघतेय. जमत नाही.

हेमाली