तामोची कलेजी आणि माझा चहा

प्रिय नुझा, माझ्या काळजा,

हे अक्षर माझंच आहे, हसू नकोस. मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गात दोन वर्षं घासलंय. फोनच केला असता, पण तुझ्या सासूबाई स्पीकर लावून शेजारी बसतात, आणि हे त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. पाचव्या महिन्यातच तुझं हिमोग्लोबिन नऊवर आलंय, हे जावईबापूंनी सांगितल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. बाकी इथे सफ्रूत सगळं झकास. यंदा चेरी उदंड आलीय, आणि तुझे बाबा दिवसभर गच्चीवर कबुतरांशी गप्पा मारतात. माझ्याशी बोलायला त्यांना सवड नाही.

शेजारच्या लल्ला तामोची कहाणी तू शंभरदा ऐकली आहेस. तू पोटात होतीस, ईदचा दुसरा दिवस, तिच्या गच्चीवर निखाऱ्यांवर कलेजी भाजली जात होती आणि वास थेट माझ्या नाकात. गर्भार बाईला वास गेला की ताट पाठवायचंच, नाहीतर अपुरा डोहाळा बाळाला बाधतो. तामोने पाठवलं नाही. तू जन्मलीस जेमतेम दोन किलोची, पांढरीफटक. पुढे शाळेचा जिना चढताना धाप, दर हिवाळ्यात आजारपण. मी सव्वीस वर्षं गल्लीभर सांगत फिरले, "त्या चिकट बाईच्या एका तुकड्यापायी माझी पोर अशी राहिली!" तुलाही सोडलं नाही. "नीट खात नाही, नुसती लोळत असते, आळशी कुठली!" हे तर तुला तोंडपाठ असेल.

तेव्हा मलाही दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. एकही चुकवली नाही, देवाशप्पथ. जेवण झालं की गोळी, आणि गोळीवर पुदिन्याचा कडक गोड चहा. पाण्याने औषध घेणारी बाई आपल्या गल्लीत अजून जन्मायचीय.

या ईदला तू आलीस आणि तुझी गोळ्यांची डबी इथेच विसरलीस. आतली घडीची चिठ्ठी मी उघडली ती निव्वळ फुशारकीने, बघू वाचता येते का म्हणून. बोट ठेवून ठेवून एक ओळ लागली: चहाबरोबर घेऊ नये. पुन्हा वाचली. मग जेलाबा अंगावर चढवला आणि तडक नर्सबाई बतूलला गाठलं. ती म्हणाली, "खाला, चहा लोह अंगी लागू देत नाही. आईच्याच अंगात नाही तर बाळाला कुठून मिळणार? मग मूल जन्मतःच कमी शिदोरी घेऊन येतं." माझा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाली, "सगळं खापर चहावर फोडू नका हं, कारणं आणखीही असतात." मुलगी मनाने चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी मी कलेजी भाजली आणि ताट घेऊन तामोच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सव्वीस वर्षं मला शिव्या घातल्यास, आणि चोर तुझ्याच किटलीत होता? अगं, ताट पाठवणारच होते! पण तुझं-माझं कपड्यांच्या दोरीवरून भांडण चाललं होतं. तू दार उघडलं असतंस?" नसतं उघडलं. मग दोघी हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता मला खरंच रडू आलं, आणि तामोने मला जवळ घेतलं.

आता पत्राचं कारण. याच ईदला, इथे आली होतीस तेव्हा, जेवण झाल्यावर तू गोळी तोंडात टाकलीस, हसत म्हणालीस, "तुझ्यासारखीच घेते बघ, आई," आणि चहाचा ग्लास मी तुला भरून दिला. माझ्या या हाताने. नुझा, आजपासून गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घे. चहा दोन तासांनी. सासूबाईंनी नाक मुरडलं तर खुशाल माझं नाव सांग. आणि मला माफ कर. तू कधीच आळशी नव्हतीस. तुझ्या अंगात बळच नव्हतं, आणि ते मी तुला द्यायला हवं होतं. बाकी सगळ्यात माझ्यावर जा, पोरी, एवढ्या एका बाबतीत नको.

तुझीच, उशिरा वाचायला शिकलेली,
आई रहिमो