एक झाकण औषध

आई, तुला चिलटांचा किती राग होता ते आठवलं की अजून हसू येतं. आणि बघ, त्यांच्याच जिवावर तुझी लेक पोट भरते आहे. ठाण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये पिकलं केळं घालून मी चिलटं पाळते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शिकून सवरून हेच करायचं होतं, तर आपला ओटा काय वाईट होता?"

शहाडच्या घरातला तो ओटा. बाबा कल्याणच्या बाजारात फळांच्या गोदामात औषध फवारायचे. त्यातलंच थोडं त्यांनी कोकम सरबताच्या बाटलीत भरून घरी आणलं होतं. तू रोज संध्याकाळी पाण्यात एक झाकण टाकतेस, फडकं बुडवतेस, उघड्या हातांनी ओटा पुसतेस. महिनाभर एक चिलट दिसत नाही. मग दोन-चार परत येतात, की तुझी दोन झाकणं. पुन्हा येतात, की तीन. गोदामात बाबाही तेच करत होते. तुझे हात लाल झालेले पाहून मी विचारलं, तर म्हणालीस, "अगं, औषधच आहे ते, विष थोडंच आहे!" काही वर्षांनी तू गेलीस. डॉक्टरांनी त्या औषधाचं नाव घेतलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

यंदा मी त्याच बाजारातून चिलटं पकडून आणली. औषध पचवायला मदत करणारं एक जनुक त्यांच्यात असतं. त्याच्या आजूबाजूचा डीएनएचा मजकूर चिलटागणिक थोडा वेगळा असायला हवा, कारण दर पिढीत आई-बापाकडून आलेल्या मजकुराची सरमिसळ होतच असते. इथे तो जवळपास सगळ्यांत एकसारखा निघाला. चाळीत दारोदार एकच आडनाव दिसावं, तसा. म्हणजे बाकीची बिऱ्हाडं संपली, आणि तीही अलीकडेच, कारण पुन्हा सरमिसळ व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. एक झाकण सोसलेल्यांची पिल्लं जगली, मग त्यांतली दोन सोसणारी, मग तीन. मला भीती वाटली, आई. स्क्रीन बंद करून मी थेट घरी आले.

बाबा आता बाळकुमला माझ्याकडेच असतात. चहा पिताना मी त्यांना हे सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे तिथली चिलटं आता मरतच नाहीत?"

"त्या औषधाने नाही मरत, बाबा."

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग माझ्या औषधाने मेलं कोण गं?"

मी उठून कप विसळायला घेतले.

तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. "ती बाटली मीच घरात आणली," एवढंच म्हणतात आणि सारखे हात धुतात. बाटली त्यांनी आणली, हे खरं. पण रोज ओट्याशी उभी राहून "आई, परत आली बघ, अजून एक झाकण टाक ना" म्हणणारी मी होते. तू त्यांना ते कधी सांगितलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही.

तुला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकले. द्यायला हवं ते खरं तर बाबांना. आत नळ चालू आहे, ते पुन्हा हात धुतायत, आणि मी कागदाची घडी करून माझ्या नोंदवहीत ठेवते आहे.